चष्मा गेला, पण घाट उतरवेना: मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरच्या कॉन्ट्रास्टचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

रुग्णाचं वय ५७, गाव जुन्नर तालुक्यातलं. पिकअप स्वतःची आणि चालवणारेही स्वतःच. नारायणगावच्या बाजारातून टोमॅटो, मेथी, कोथिंबीर भरायची, रात्री निघायचं, ओतूरवरून माळशेज घाट उतरायचा आणि मुरबाड-कल्याणमार्गे उजाडायच्या आत वाशीचं मार्केट गाठायचं. कित्येक वर्षांचा हाच क्रम. घरात आणि बाजारात सगळे त्यांना तात्या म्हणतात, म्हणून इथेही तात्याच. ओळख पटू नये एवढे बदल तपशिलात केले आहेत.

रक्तदाबाची एक गोळी चालू, मधुमेह नाही, काचबिंदू नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डाव्या डोळ्यातला मधल्या गाभ्याचा, हळूहळू पिवळट होत जाणारा. उजव्यात गाभ्याच्या जोडीला मागच्या थराला चिकटून आलेला. हा मागच्या थराचा मोतीबिंदू ड्रायव्हर माणसाला फार छळतो. समोरून प्रखर दिवा आला की बाहुली आकसते आणि उरलेल्या छोट्या खिडकीच्या नेमक्या मध्यावर हा डाग बसलेला असतो. एरवी बरं दिसणारा माणूस समोरच्या गाडीने अप्पर मारला की काही क्षण आंधळा होतो. तात्यांची मूळ तक्रार तीच होती.

मुलाने शहरातल्या एका रुग्णालयात नेलं. तिथे लेन्सची तीन-चार ‘पॅकेजं’ समोर ठेवली गेली. सगळ्यात महाग ट्रायफोकल: लांबचं, मधलं, जवळचं तिन्ही दिसणार, चष्म्याची कटकट संपणार. मुलगा म्हणाला, “तात्यांनी जन्मभर आमच्यासाठी केलं, आता भारीतली भारी लेन्स घाला.” या वाक्यात खोट काही नाही. फक्त त्या टेबलावर कुणी विचारलं नाही की हा माणूस रात्री दोन वाजता कुठे असतो.

फेब्रुवारीच्या अखेरीस उजव्या डोळ्याचं फेको, म्हणजे बारीक छेदातून मोतीबिंदू काढून लेन्स बसवण्याचं, ऑपरेशन झालं. तांत्रिकदृष्ट्या ते उत्तम झालं होतं: लेन्स मधोमध, बुबुळ स्वच्छ, पडद्याला सूज नाही. महिन्याभराने बिनचष्म्याचं ६/६, जवळचं एन ६, म्हणजे बारीक छापील अक्षरही वाचता येतं. कागदावर यापेक्षा चांगला निकाल मागता येत नाही.

अडचण

तात्या जूनच्या मध्यावर, पाऊस सुरू झाल्यावर, आमच्याकडे दुसरं मत घ्यायला आले. सोबत मुलगा आणि जाडजूड फाईल. उजव्या डोळ्यातल्या लेन्समागे हलकी जाळी आली आहे, ती काढायला याग लेझर करून घ्या, आणि डाव्या डोळ्यातही तीच लेन्स बसवा म्हणजे मेंदू जुळवून घेईल, असा सल्ला त्यांना मिळाला होता. दोन्ही गोष्टी करण्याआधी एकदा विचारावं म्हणून ते आले.

मी विचारलं, “तात्या, नक्की काय होतंय?”

“दिसतंय सगळं, मॅडम. पेपर वाचतो बिनचष्म्याचा. पण पाटी पुसल्यावर ओली असताना वर खडूनं लिहावं, तसं दिसतं. रात्री तर समोरच्या गाडीच्या दिव्याभोवती कडीच कडी. घाटात कठडा कुठं संपतो ते धुक्यात कळंना. मागच्या आठवड्यात निम्म्या घाटात गाडी बाजूला घेतली आन पुतण्याला बोलवलं.”

मुलगा मधेच म्हणाला, “पण त्यांना तक्त्यावरचं शेवटचं अक्षर दिसतं. तिकडचे डॉक्टर म्हणतात, सवयीचा भाग आहे.”

दोघांचंही खरं होतं. अशा वेळी ‘वयाप्रमाणे असायचंच’ असं म्हणून फाईल मिटण्याचा मोह मोठा असतो. माणूस ६/६ वाचतो आणि तरी दिसत नाही म्हणतो, तेव्हा आपण मोजतोय ती गोष्टच वेगळी आहे का, हे आधी बघावं.

६/६ मध्ये काय मोजलं जातं, काय राहतं

भिंतीवरचा तो तक्ता १८६२ सालचा, नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या हर्मन स्नेलेन यांचा. ६ मीटरवरून ६/६ च्या ओळीतलं अक्षर डोळ्याशी ५ मिनिटांचा कोन करतं, म्हणजे एका अंशाचा बारावा भाग. अक्षर काळंभोर, पार्श्वभूमी पांढरीशुभ्र, खोलीत उजेड. प्रश्न एकच: किती बारीक दिसतं?

रस्त्यावर प्रश्न वेगळा असतो. १०० मीटरवर उभा असलेला माणूस डोळ्याला जवळपास एक अंश उंच भरतो, म्हणजे ६/६ च्या अक्षराच्या अकरा पट. त्याला पाहायला तीक्ष्ण नजर लागतच नाही. तो करड्या रस्त्यावर करडं कांबळं पांघरून उभा असेल, तर करड्यातून करडं वेगळं काढण्याची क्षमता लागते. तीच कॉन्ट्रास्ट सेन्सिटिव्हिटी. माणसाचा डोळा या कामात सर्वांत तरबेज असतो तो एका अंशात साधारण ३ ते ५ काळ्या-पांढऱ्या जोडपट्ट्या मावतील एवढ्या मध्यम आकारांच्या बाबतीत. ६/६ ची ओळ त्याच मापात ३० जोडपट्ट्यांच्या पातळीवर बसते. म्हणजे स्नेलेनचा तक्ता या क्षमतेचं फक्त एक टोक तपासतो.

मोजायला आम्ही पेली-रॉबसन तक्ता वापरतो. १९८८ साली डेनिस पेली, जॉन रॉबसन आणि अर्नोल्ड विल्किन्स यांनी तो तयार केला. यात सगळी अक्षरं एकाच, चांगल्या मोठ्या आकाराची, तीन-तीनच्या गटात. प्रत्येक गट आधीच्या गटापेक्षा पुसट: कॉन्ट्रास्ट दर वेळी ०.७ पटीच्या आसपास उतरतो. १ मीटरवरून वाचायचं. तीनपैकी दोन अक्षरं बरोबर आली तो शेवटचा गट म्हणजे गुण. गुण लॉगमध्ये, म्हणजे लॉगरिदमच्या मापात: ० ते २.२५, जितके जास्त तितके चांगले. निरोगी डोळ्याला साधारण १.६५ ते १.९५ मिळतात. १.५ च्या खाली उतरला की आम्ही कारण शोधायला लागतो.

अक्षरं इंग्रजी आहेत. तात्यांचं शिक्षण मराठी सातवीपर्यंतचं, पण नंबर प्लेटा वाचण्यात हयात गेलेली, त्यामुळे अडलं नाही. ज्यांना अडतं त्यांच्यासाठी इंग्रजी सी सारख्या तुटक्या कड्याचे तक्ते असतात. एक गोष्ट या चाचणीत हमखास चुकते: घाई. पुसट अक्षर काही सेकंद बघत राहिलं की हळूहळू उमटतं. “नाही दिसत” म्हटल्याबरोबर पुढे गेलं तर रुग्णाचे गुण फुकट जातात.

तपासणीत काय निघालं

उजवा, म्हणजे ऑपरेशन झालेला डोळा: ६/६, पेली-रॉबसन १.३५. डावा, मोतीबिंदू असलेला: चष्म्याने ६/१२, पेली-रॉबसन १.२०. दोन्ही डोळे उघडे ठेवून १.५०. तक्त्याच्या बाजूने प्रखर दिवा लावून उजवा पुन्हा तपासला तर १.०५. ही दिव्याची पद्धत आमची घरगुती आहे, प्रमाणित नाही. तो आकडा फक्त याच माणसाच्या पुढच्या आकड्याशी ताडायचा, दुसऱ्या कुणाशी नाही.

१.३५ म्हणजे पार्श्वभूमीपेक्षा साधारण ४.५ टक्के फरक असेल तरच गोष्ट दिसते. १.६५ असता तर २.२ टक्के पुरले असते. फरक किरकोळ वाटतो. धुक्यात त्याचं काय होतं ते मुलाला कागदावर करून दाखवलं. दिवसाच्या धुक्यात वस्तूचा कॉन्ट्रास्ट अंतरागणिक घातांकाने घटत जातो, हे १९२४ साली कोश्मीडर यांनी मांडलं. त्या हिशेबाने निरोगी डोळ्याला काळी म्हैस जिथे १०० मीटरवर दिसेल, तिथे १.३५ च्या डोळ्याला ती ८२ मीटरवर दिसेल. म्हशीच्या जागी करडा, जेमतेम २० टक्के कॉन्ट्रास्टचा कठडा धरला, तर १०० चे ६८ होतात. वस्तू मुळात जितकी फिकी, तितका तोटा जास्त. रात्री आपल्याच हेडलाइटचा उजेड धुक्यावरून परत डोळ्यात येतो, तेव्हा परिस्थिती यापेक्षा वाईट.

मुलाने कागदाची घडी करून खिशात ठेवली. सवयीचा मुद्दा त्याने पुन्हा काढला नाही.

मग कारणं. एकच कारण सापडलं असतं तर काम सोपं होतं; इथे चार होती.

पहिलं, लेन्सची रचना. ट्रायफोकल लेन्सवर बारीक गोल कंगोरे असतात आणि ते आलेला प्रकाश लांब, मध्य, जवळ असा वाटतात. जुन्या दोन-केंद्री विवर्तक लेन्सचं पाठ्यपुस्तकी गणित ४१ टक्के लांबला, ४१ टक्के जवळला आणि उरलेले १८ टक्के वाया असं आहे; नव्या लेन्समध्ये वाटणी सुधारली, पण वाटणी आहेच. शिवाय लांबचं बघताना जवळच्या वाट्याचा प्रकाश कुठे जात नाही. तो विस्कटून त्याच चित्रावर पसरतो आणि काळ्याचं करडं करतो. दिव्याभोवतीची कडी त्याचीच.

दुसरं, उरलेला सिलिंडर नंबर, ०.७५. मोनोफोकलमध्ये, म्हणजे एकाच अंतराच्या लेन्समध्ये, एवढा चालून जातो; मल्टिफोकल, म्हणजे अनेक अंतरांची लेन्स, तो माफ करत नाही.

तिसरं, डोळ्यांचा कोरडेपणा. अश्रूंचा थर ५ सेकंदांत फुटत होता, पापणीच्या कडेच्या ग्रंथी तुंबलेल्या. धूळ, डिझेल, रात्रभर न मिटणारे डोळे. नवल काहीच नाही. प्रकाश पहिल्यांदा वाकतो तो याच थरावर, आणि थर फुटला की पुढची भारी लेन्स काय करणार?

चौथं, मागची जाळी. होती, पण हलकी.

पडद्याच्या थरांचा ओसीटी स्कॅन स्वच्छ, डोळ्याची नस निरोगी, दाब नेहमीएवढा. हे पाहणं गरजेचं होतं, कारण काचबिंदू आणि पडद्याचे आजार ६/६ शाबूत ठेवून कॉन्ट्रास्ट खातात आणि मग दोष भलत्यालाच लागतो.

पर्याय

याग लेझरचा प्रश्न सगळ्यात आधी आला आणि माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय तोच. याग पाच मिनिटांचं, बिनटाक्याचं, बाहेरच्या खोलीत होणारं काम. लेन्स ज्या पिशवीत बसवलेली असते तिच्या मागच्या भिंतीला मधोमध खिडकी पाडायची, जाळी गेली. मग ते लगेच का करू नये? कारण ती भिंत एकदा उघडली की लेन्स बदलणं फार जोखमीचं होतं: मागचा काचाभ द्रव पुढे येऊ शकतो, नवी लेन्स बसवायला धड आधार उरत नाही. मल्टिफोकल न मानवलेल्या रुग्णाची लेन्स बदलावी लागण्याची शक्यता असते. जोपर्यंत ती बदलायची की नाही हे ठरलेलं नाही, तोपर्यंत भिंतीला हात लावायचा नाही. इथे तर जाळी इतकी हलकी होती की सगळा दोष तिच्या माथी मारणं पटत नव्हतं.

दुसरा पर्याय थांबण्याचा. मेंदू अशा लेन्सशी जुळवून घेतो, हे खरं आहे. तीन ते सहा महिने लागतात, काहींना त्याहून जास्त. कडी दिसत राहतात, पण माणूस त्यांच्याकडे लक्ष देणं सोडतो. मात्र जुळवून घेण्याने लेन्सने वाटून टाकलेला प्रकाश परत येत नाही. दुकानात बसणाऱ्याला हा पर्याय पुरला असता.

तिसरा, उजवी लेन्स काढून एस्फेरिक (कडेकडे सपाट होत जाणारी) मोनोफोकल बसवणं. चार महिन्यांत पिशवी लेन्सभोवती घट्ट व्हायला लागते. जितका उशीर तितकं काम अवघड. पण त्याच डोळ्यावर दुसरं ऑपरेशन, बुबुळाच्या आतल्या पेशींची आणखी हानी, पडद्याला सूज येण्याचा धोका, आणि ज्या बिनचष्म्याच्या वाचनावर तात्या खूश होते ते जाणार.

बुबुळावर लेझर करून ०.७५ नंबर घालवणं हाही एक पर्याय कागदावर होता. कोरड्या डोळ्यावर तो आम्ही लगेच बाजूला ठेवला.

डाव्या डोळ्याचं काय? इथे आमच्याकडे दोन मतं होती. दोन्ही डोळ्यांत सारखीच लेन्स असली तर मेंदूला सोपं जातं, आणि दोन डोळे मिळून कॉन्ट्रास्ट एका डोळ्यापेक्षा चांगला मिळतो, हा ट्रायफोकलच्या बाजूचा युक्तिवाद पोकळ नाही. पण एका डोळ्यात जे मानवलेलं नाही ते दुसऱ्यात घालून दोन्हींत मानवेल ही आशा, आणि ती फसली तर घाटासाठी एकही डोळा उरत नाही.

शेवटचा पर्याय कुणी मोठ्याने बोलत नव्हतं: रात्रीची गाडी बंद करणं. तो मीच मांडला. तात्या हसले. “मग हप्ते कोण भरणार, मॅडम?”

काय केलं

क्रम असा ठरला: आधी बिनधोक आणि परतवता येणाऱ्या गोष्टी, मग डावा डोळा, मग उजव्याचा निर्णय, आणि याग सगळ्यात शेवटी.

पहिले सहा आठवडे रात्रीची गाडी पुतण्याकडे. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले अश्रूंचे थेंब, पापण्यांना रोज ऊबदार शेक आणि सफाई. ०.७५ सिलिंडरचा, अँटी-रिफ्लेक्शन थराचा चष्मा, फक्त गाडीसाठी. ‘चष्मा घालवायला’ एवढे पैसे मोजलेल्या घरात हा चष्मा काढून देणं अवघड गेलं. मुलगा दोन मिनिटं काही बोललाच नाही.

तात्यांनी हायवेवरून पिवळ्या काचांचा ‘नाइट ड्रायव्हिंग’ चष्मा घेतला होता. तो बंद करायला लावला. पिवळी काच सगळं उजळ भासवते, प्रत्यक्षात डोळ्यापर्यंत येणारा प्रकाश कमी करते, आणि रात्री आधीच प्रकाशाची टंचाई.

गाडीही दारात बोलावून पाहिली. पुढच्या काचेवर वायपरचे अर्धगोल ओरखडे, आतून तंबाखू-धुळीचा थर, हेडलाइटची प्लास्टिकची काच पिवळी पडलेली. डोळ्यात जो प्रकाश विखुरतो तो डोळ्याबाहेरही विखुरतो, आणि बाहेरचा दुरुस्त करायला सर्जन लागत नाही. काच बदला, दिवे घासून घ्या, असं फाईलवर लिहून दिलं.

जुलैअखेर उजवा डोळा चष्म्यासह १.५०. कडी तशीच, पण “ओली पाटी वाळली” असं ते म्हणाले.

ऑगस्टमध्ये डाव्या डोळ्याचं ऑपरेशन, एस्फेरिक मोनोफोकल, नंबर लांबच्यासाठी बसवलेला. एस्फेरिक का, तर माणसाच्या बुबुळात थोडा गोलीय दोष असतो, तारुण्यात डोळ्याची नैसर्गिक लेन्स तो बराचसा खोडते, वयाबरोबर ते खोडणं संपतं. साधी गोलाकार लेन्स त्यात भर घालते, एस्फेरिक तो खोडायला मदत करते. बाहुली मोठी होते तेव्हा, म्हणजे रात्रीच, हा फरक लागतो. डाव्या डोळ्याचं माप घेण्याआधी कोरडेपणा आटोक्यात आणला होता, कारण कोरड्या बुबुळाचं माप डळमळतं आणि लेन्सचा नंबर चुकतो.

ऑपरेशनआधी एक कागद मराठीत लिहून दिला: या डोळ्याने जवळचं वाचता येणार नाही; दोन डोळ्यांचं दिसणं वेगळं असेल; रात्रीची कडी या डोळ्यात फारशी नसतील, पण उजव्यातली जाणार नाहीत. तात्यांनी तो मुलाकडून दोनदा वाचून घेतला आणि मगच सही केली.

निष्पत्ती

ऑक्टोबरमध्ये डावा डोळा १.८०, बाजूने दिवा लावून १.६५. उजवा चष्म्याने १.५०. तात्या एकेक डोळा झाकून बाहेरच्या रस्त्याकडे बघत बसले आणि स्वतःच म्हणाले, “डावा खरा, उजवा वाचायला.”

मग लेन्स बदलण्याचा प्रश्न पुन्हा टेबलावर घेतला. आता त्यांच्याकडे तुलना होती. जूनमध्ये ती नव्हती. घाटासाठी एक भरवशाचा डोळा होता, वाचायला दुसरा. उजवा बदलून मिळणारा फायदा कमी झाला होता आणि आठ महिन्यांची पिशवी घट्ट झाल्याने जोखीम वाढली होती. त्यांनी नको म्हटलं. ते नको असं त्यांच्या शब्दांत फाईलवर लिहून घेतलं आणि त्यानंतरच, डिसेंबरमध्ये, जाळी थोडी वाढलेली असताना याग केलं. उजवा १.६५ वर आला, दोन्ही मिळून १.८०. कडी अजून आहेत. “पातळ झालीत” असं ते म्हणतात. ते मोजायचं साधन आमच्याकडे नाही.

कोरड्या महिन्यांत ते रात्रीची गाडी पुन्हा चालवू लागले. पुढच्या पावसाळ्यात धुकं असेल त्या रात्री घाटापुरतं स्टिअरिंग पुतण्याकडे, हे त्यांनी आपणहून ठरवलं. काच बदलल्यावरच निम्मं काम झालं, असं ते बाजारात सांगत फिरतात. आमच्या सहा महिन्यांच्या खटपटीचं मोल त्यावरून काय ते समजून घ्यावं.

वेगळं काय करता आलं असतं

सुरुवात त्या पॅकेजच्या टेबलापासून. मोतीबिंदूचं ऑपरेशन एकूणात कॉन्ट्रास्ट सुधारतंच; गढूळ लेन्स जाऊन स्वच्छ येते. ट्रायफोकलनेही तात्यांचा उजवा डोळा आधीपेक्षा बरा केला असणार. पण ‘असणार’ म्हणावं लागतं, कारण ऑपरेशनआधीचा कॉन्ट्रास्ट फाईलमध्ये कुठेच नाही. पाच-सात मिनिटांची चाचणी तेव्हा झाली असती तर नंतरचा वाद आकड्यांवर झाला असता. आणि लेन्सच्या यादीआधी तीन प्रश्न विचारायला हवे होते: रात्री गाडी चालवता का, कुठे, आणि चष्मा लावायची खरंच चीड आहे का? तात्यांना चष्म्याची चीड नव्हती. ती मुलाला होती.

उजव्या डोळ्याचा कोरडेपणा मापाआधी आवरला असता तर ते ०.७५ कदाचित उरलं नसतं. हे मागाहून सिद्ध करता येत नाही, पण दोन डोळ्यांतला हा फरक मला योगायोग वाटत नाही.

परवान्याची बाजूही आहे. वाहनचालकाच्या वैद्यकीय दाखल्यात, फॉर्म १-अ मध्ये, डॉक्टरला लिहावं लागतं की माणसाला चांगल्या दिवसाउजेडात २५ मीटरवरून गाडीची नंबर प्लेट ओळखता येते का. काळी अक्षरं, पांढरी किंवा पिवळी पाटी, लख्ख उजेड. तात्या जूनमध्येही यात सहज पास झाले असते. कॉन्ट्रास्ट त्या अर्जात नाही. तो येईपर्यंत निदान ऑपरेशन करणाऱ्यांनी तरी विचारावा.

लॅसिकबद्दलही याच टेबलावर बोलणं झालं, कारण मुलाला उणे चारचा नंबर आहे आणि आता त्याला स्वतःचा चष्मा घालवायचा आहे. उणे नंबर काढताना बुबुळ मधोमध सपाट होतं, गोलीय दोष वाढतो, आणि अंधारात बाहुली लेझरच्या क्षेत्राबाहेर फाकली तर कडी दिसतात. कॉन्ट्रास्ट सुरुवातीला उतरतो आणि बहुतेकांचा काही महिन्यांत सावरतो; कोरडेपणा रेंगाळला तर सावरायला वेळ लागतो. त्याचे आजचे आकडे, दोन्ही डोळे १.८० आणि अंधारातली बाहुली, लिहून ठेवलेत. त्याने अजून काही ठरवलेलं नाही.

उजवी लेन्स बदलण्यावरून आमच्या सर्जनचं आणि माझं आजही एकमत नाही. त्यांच्या मते जूनमध्येच, पिशवी सैल असताना, उजवी बदलायला हवी होती; तात्यांना दोन्ही डोळे घाटाचे मिळाले असते. माझ्या मते जूनमध्ये चारपैकी तीन कारणं औषध, चष्मा आणि धीराने, शेवटी केलेल्या यागने कमी होण्याजोगी होती, आणि ती तशीच ठेवून उरलेल्या एकासाठी, म्हणजे लेन्ससाठी, डोळा पुन्हा उघडला असता तर नंतर कशाने काय सुधारलं हेही कळलं नसतं. पुढची तपासणी जूनच्या पहिल्या आठवड्यात ठेवली आहे. तेव्हा उजवा डोळा पुन्हा बाजूने दिवा लावून मोजायचा आहे, कारण १.०५ नंतर ती चाचणी त्या डोळ्यावर झालेली नाही.